गाणाऱ्या बदकाची पिवळी चोच

इलेक्ट्रॉनिक वस्तूंमधले विषारी पदार्थ शोधणाऱ्या भोसरीच्या प्रयोगशाळेत खेळणी बनवणाऱ्या दादासाहेब टिळेकरांचं सेलवर गाणारं बदक नापास झालं, तसे दादासाहेब स्वतःच येऊन धडकले. वीस हजार बदकं ट्रकमध्ये चढायची खोळंबली होती.

"चोचीच्या पिवळ्या रंगात शिसं मर्यादेच्या कितीतरी वर आहे," तपासनीस कुंदा ढमढेरे म्हणाली. "आम्ही प्रत्येक भाग वेगळा तपासतो."

"अहो बाई, चोचीला रंग लागतो केवढा?" दादासाहेब गरजले. "अख्खं बदक दळा आणि सरासरी काढा, शिसं औषधालाही सापडणार नाही! आणि माझी ओळख वरपर्यंत आहे, दाखला आजच हवा."

प्रयोगशाळेच्या घाबरलेल्या मॅनेजरनं घाईघाईनं पोहे मागवले. दादासाहेब बोलता बोलता मिरचीचे तुकडे वेचून बशीच्या कडेला लावू लागले. कुंदा ते बघत होती.

"मिरच्या का हो काढताय, दादासाहेब?"

"तिखट सोसत नाही मला."

"पण मिरची आहे केवढीशी! अख्ख्या बशीची सरासरी काढली तर पोहे अगदीच सपक आहेत. खा की बिनधास्त."

"सरासरी घाला चुलीत! दाताखाली मिरचीच येते ना..." दादासाहेब मध्येच थांबले.

"तेच म्हणते मी," कुंदा म्हणाली. "तान्हं बाळ काही बदक दळून खात नाही. चोच चोखतं."

दादासाहेबांनी बदक पिशवीत घातलं.

पंधरा दिवसांनी नव्या रंगाचं बदक पास झालं. त्या दिवशी पोहे कुंदानं मागवले, बिनमिरचीचे.