पाव किलो हलकी पेटी

एकदा एक महाज्ञानी म्हातारा होता. कॉम्प्युटरचा कोणताही भाग त्याच्या तळहातावर ठेवा, डोळे मिटून तो त्या भागाचे भूत, वर्तमान आणि भविष्य सांगत असे. तो म्हातारा म्हणजे मीच. आता खरे सांगतो. कोणताही भाग नव्हे, फक्त एसएमपीएस. आणि डोळे मिटून नव्हे, शेजारच्या किराणावाल्याचा तराजू मागून आणून. ज्ञानाचे म्हणाल तर मी नववी दोनदा केली आणि दोन्ही वेळा नववीने मला ओळख दाखवली नाही.

अकोल्यात माझे दुरुस्तीचे दुकान आहे. आधी रेडिओ, मग टीव्ही, आता कॉम्प्युटर. यंत्रे बदलली, स्टूल तेच आहे. एसएमपीएस म्हणजे कॅबिनेटात मागच्या कोपऱ्यात बसणारी पत्र्याची पेटी. भिंतीतली वीज दांडगट असते; ही पेटी तिला शांत करते आणि कॉम्प्युटरला पचतील असे घास करून भरवते. तिच्याकडे कोणी पाहत नाही. तुम्ही मंडळी प्रोसेसर विचारता, ग्राफिक्स कार्ड विचारता, आत रंगीत दिवे किती लागतील तेही विचारता, आणि निघताना म्हणता, 'त्या पेटीचं काय, कुठलीही टाका!' नवरदेवाला भरजरी शेरवानी शिवायची आणि घोडा मात्र लंगडा आणायचा, त्यातला हा प्रकार.

त्या पेटीच्या पोटात तांब्याची वेटोळी असतात, उष्णता शोषणारे धातूचे जाड पत्रे असतात, वीज साठवणारे मोठे कपॅसिटर असतात. सगळा जड माल. कारखान्याला बचत करायची असली की पहिली कात्री यांच्यावर चालते. वरचे स्टिकर मात्र तेवढेच राहते, कारण स्टिकरला वजन नसते. म्हणून म्हाताऱ्याला तराजू लागतो. काही लबाड तर वजन भरण्यासाठी आत लोखंडाचा तुकडा चिकटवतात. पण पेटी हलवली की तो आतून बोलतो.

माझी एक शिष्या होती. कल्याणी म्हैसने. शिकून इंजिनियर झाली होती, पण सोल्डरिंग शिकायला माझ्याकडे आली आणि मग येतच राहिली. बाजारात नवा भाग आला की ती तो तपासून इंटरनेटवर मराठीत त्याचे परीक्षण लिहीत असे. चाळीस हजार माणसे वाचत. विद्यार्थी, गेम खेळणारी पोरे, छोटे स्टुडिओवाले, सगळे तिचा आकडा पाहून माल घेत. आणि पोरगी प्रामाणिक. एका कंपनीने कीबोर्डासोबत काजूकतलीचा डबा पाठवला, तर तिने डबा परत केला. मी म्हणालो, "अवं, कीबोर्ड परत कर, कतली कायले परत करतं?" ती हसली नाही. या बाबतीत ती हसत नसे.

तिची तपासणीही कडक. स्वच्छ टेबल, त्यावर उघडी चौकट, चौकटीवर यंत्र मांडलेले, चहूबाजूंनी हवा खेळती. खोलीत एसी, चोवीस अंशांवर. सगळीकडे मोठे परीक्षक असेच करतात. प्रत्येक भागाला सारखी वागणूक मिळावी हा त्यामागचा न्याय. यंत्र आठ-आठ तास पूर्ण भारावर पळवायचे, दर दहा मिनिटांनी मीटर वाचायचा, आलेख काढायचा. मी ते आलेख पाहून मान डोलवत असे. समजत काहीच नसे, पण मान चांगली डोलते माझी.

फेब्रुवारीत वज्रतेज नावाच्या एका नव्या कंपनीने तिला आपली पेटी परीक्षणासाठी पाठवली. तिने आठ तास तपासली. दहापैकी नऊ गुण दिले आणि लिहिले, 'या किमतीत डोळे झाकून घ्यावी.' मी ती पेटी तराजूत टाकून पाहिली. एक किलो नऊशे. सज्जन वजन.

मार्चमध्ये तीच पेटी समोरच्या भुतडा शेठच्या फळीवर आली. मी एक उचलली आणि हात थबकला. तराजू आणला. भुतडा शेठ म्हणाला, "अप्पा, कांदे नाहीत हो ते. किलोवर नाही विकत मी."

"शेठ, अर्धा किलोच द्या, आम्ही दोघंच आहोत घरात," मी म्हणालो, आणि काट्याकडे पाहिले. एक किलो साडेसहाशे.

पाव किलो कमी. खोका तोच, रंग तोच, स्टिकर तेच, 'कल्याणी म्हैसने यांचे ९/१०' अशी चिठ्ठीसुद्धा खोक्यावर. शेठला दोष देत नाही. बंद खोका आला, बंद खोका विकला. मी एक पेटी विकत घेतली, स्टुलाखाली सरकवली आणि गप्प बसलो.

गप्प का बसलो? ही माझी शिकवण्याची रीत. मी कोणाला काही सांगत नाही. ठेच लागू देतो, मग हसतो, मग मलम देतो. सांगितलेले ज्ञान कानात राहत नाही, ठेचेचे ज्ञान अंगठ्यात राहते. हाच भुतडा शेठ एकदा म्हणाला होता की जितके पंखे जास्त, तितके यंत्र थंड. मी त्याच्या यंत्रातले दोन पंखे उलटे बसवले. महिनाभर ते एकमेकांच्या तोंडावर फुंकर घालत बसले आणि शेठ घाम पुसत बसला. मग सांगितले. आज शेठ गिऱ्हाइकाला हवेच्या वाटेवर प्रवचन देतो. तशीच गंमत कल्याणीची करायची असे मी ठरवले होते. मे महिना येऊ दे, ऊन तापू दे, म्हणजे दृष्टांत रंगेल.

एप्रिलच्या विसाव्या तारखेला सकाळी कल्याणी दुकानात आली आणि उभीच राहिली.

"अप्पा, मूर्तिजापूरला एक माणूस भाजलाय."

"कोण वं?"

"श्रीधर तराळे. लग्नाचे अल्बम बनवतात. माझं वाचून वज्रतेज घेतली होती." ती एकेक शब्द मोजून ठेवल्यासारखी बोलत होती. "लग्नसराई आहे, मशीन दिवसभर चालू. दुकान टिनाचं. दुपारी पेटीतून जाळ निघाला. ते प्लग ओढायला टेबलाखाली शिरले. कॅबिनेटावर प्लास्टिकचं कव्हर होतं, ते वितळून हातांवर पडलं. काल उजव्या हाताची तीन बोटं काढली."

"तू पाहून आलीस?"

"इथेच आणलंय, सरकारी दवाखान्यात. त्यांची बायको मला म्हणाली, 'ताई, आम्ही तुमचंच वाचून घेतलं होतं, तुम्ही छान समजावून सांगता.' रागावली नाही, अप्पा. चहा घेता का म्हणाली."

मी पाण्याचा तांब्या तिच्यापुढे सरकवला.

"कंपनीला विचारलं. म्हणे वायरिंग खराब असेल. असेलही. पण अडीचशे जणांनी मला कळवलंय की त्यांनी ही पेटी घेतलीये. मी त्यांना काय सांगू? बंद करा म्हणू, तर कशाच्या जोरावर? आठ तास चालवली होती मी. खोटं नव्हतं लिहिलं. माझं चुकलं कुठे, तेवढं सांगा."

इथे कोणत्याही शहाण्या माणसाने स्टुलाखालची पेटी काढून पुढे ठेवली असती. माझाही हात खाली गेला होता, हे मी शपथेवर सांगतो. पण तोंडातून निघाले ते सवयीने निघाले.

"उद्या दुपारी दोन वाजता ये. तुझी पेटी आण. मीटर घरी ठेव."

दुसऱ्या दिवशी ती आली. माझ्या दुकानावर टिनाची एक खोली आहे, मेलेले मॉनिटर ठेवतो तिथे. मी तिला वर नेले. भिंतीवरचा पारा पंचेचाळीसवर होता. खोलीत लाकडी टेबल, टेबलाखाली जुने कॅबिनेट, पाठ भिंतीला चिकटलेली. तिची पेटी मी त्यात बसवली, झाकण लावले, वरून फुलाफुलांचे प्लास्टिक कव्हर घातले आणि यंत्र पूर्ण भारावर सोडले.

"हे काय चाललंय, अप्पा?"

"बस."

"पंखा तरी लावा."

"तराळेच्या दुकानात होता पंखा?"

"होता. त्यांच्याकडे तोंड करून." असे म्हणून ती जमिनीवर बसली.

दोन तास गेले. पेटी तापली, भुणभुणली, पण चालत राहिली. कल्याणीच्या कपाळावरून घाम हनुवटीवर येत होता. "चालतेय की," ती म्हणाली, आणि तिच्या आवाजात सुटका नव्हती, भीती होती. पेटी चांगली असेल तर तराळ्यांची बोटे कशाने गेली, हे आता तिला कधीच कळणार नव्हते.

मग मी दुसरी पेटी काढली. रंग तोच, स्टिकर तेच. तीच जागा, तेच झाकण, तेच कव्हर, तोच भार. आणि दाराजवळची वाळूची बादली जवळ ओढून घेतली. ती बादलीकडे पाहत राहिली.

अकराव्या मिनिटाला वास आला, जळक्या माशासारखा. एकोणिसाव्या मिनिटाला कानठळ्या बसवणारा आवाज झाला, फ्यूज उडाला, कव्हराखाली निळा-पिवळा जाळ उभा राहिला आणि प्लास्टिक थेंब-थेंब गळू लागले. मी वाळू ओतली. धूर उतरायला वेळ लागला. धूर उतरेपर्यंत ती खोकत होती, पण डोळे मिटत नव्हती.

दोन्ही पेट्या मी उघडून तिच्यासमोर ठेवल्या. तिच्या पेटीत तांबे होते, जाड पत्रे होते. दुसरीत त्याच जागी पोकळी होती. पत्रे पोस्टकार्डाइतके पातळ, मोठ्या कपॅसिटरच्या जागी एक बुटका, फुटलेला.

तिने फोन काढला, दोन्ही पेट्यांचे फोटो घेतले आणि तिथेच मांडी घालून लिहू लागली. वज्रतेज ताबडतोब बंद करा, प्लग काढा, मी दिलेले गुण मागे घेत आहे. एकही वाक्य खोडले नाही तिने.

तिच्या वाकलेल्या डोक्याला मी माझे प्रवचन दिले. महिनाभर तयार करून ठेवले होते, वाया कसे जाऊ देणार?

"पोरी, तुनं यंत्र नाही तपासलं, तुनं पाहुणचार तपासला. पंगतीत वाढपी ओळखीचा असला की बुंदी आपल्या पानात पडते, शेवटच्या माणसाच्या पानात नुसतं पाणचट वरण. कंपनीले तुझं नाव माहीत होतं, पत्ता माहीत होता, तू तपासणार हेही माहीत होतं. तुले तिनं बुंदी वाढली. तराळेले वरण. तुझा आठ तासांचा हिशेब खरा होता, पण तो तराळेच्या पेटीचा नव्हता. त्यात तुझी खोली एसीची. इथं कोणता माणूस उघड्या चौकटीवर, चोवीस अंशांत कॉम्प्युटर चालवतो? तो टिनाखाली चालवतो, भिंतीले चिकटवून, कव्हर घालून. ज्याच्यासाठी लिहायचं, त्याच्यासारखं दुकानात जाऊन, नाव न सांगता विकत घ्यायचं, आणि तो जिथं बसतो तिथंच बसून तपासायचं. आलेल्या पाहुण्याले कोणी बी गोड बोलते."

बोलणे चांगले जमले होते. मी स्वतःवर खूश झालो. आता ती मान वर करील, डोळे पुसील, 'समजलं, अप्पा' म्हणेल, अशी वाट पाहिली.

लिहून झाल्यावर मान वर केली तिने. डोळे कोरडे होते.

"ही दुसरी कधी घेतली?"

"मार्चात. रंगपंचमीच्या दुसऱ्या दिवशी." आणि मी, गाढव, वर जोडलेही, "हातात घेतली अन् लगेच कळलं मले. पाव किलो कमी."

"मार्चात."

"हो. पण तेव्हा सांगितलं असतं तर तुले पटलं नसतं. तू आलेख दाखवला असता मले. सांगितलेलं कानात राहत नाही, पोरी. आता हे जन्मात विसरणार नाहीस तू."

"काल मी विचारलं, तेव्हाही पेटी खाली स्टुलाखालीच होती?"

"होती."

"काल सकाळपासून आज दुपारपर्यंत ती अडीचशे यंत्रं चालूच होती, अप्पा."

खोलीत अजून धुराचा वास होता. मी म्हणालो, "गुरूले थोडं थांबावं लागते. शिष्य तयार झाल्याशिवाय..."

तिने तिची पेटी, तीच सज्जन वजनाची, उचलून पिशवीत घातली. जिन्याच्या पहिल्या पायरीवर थांबली आणि मागे न वळता म्हणाली,

"मला शिकवायचं होतं ना? मग ती पेटी माझ्या घरी आणून लावायची होती. तराळे तुमच्याकडे कधी शिकायला आले होते?"