बग्ग्यांचा चढ

शिरवडच्या सराफ पेठेत जुन्या पागेच्या भिंतीला लागून एक दगडी चढ वर जातो आणि मध्येच संपतो. पुढे मोकळं आभाळ. नवखी माणसं विचारतात, हा कुणासाठी? पेठेतले म्हातारे सांगतात, बग्ग्यांसाठी.

पेठेत जागा तोकडी, म्हणून संस्थानच्या कारभाऱ्याने म्हणे दुमजली पागा बांधली. खाली घोडे, वर बग्ग्या. बारा बग्ग्या या चढावरून ओढून वर नेल्या. खाली अठरा जनावरं, आणि त्यांची निगा राखणारा मोतद्दार सटवाजी.

बग्ग्या वर गेल्या त्या दिवसापासून जनावरं चंदीला तोंड लावेनात. कान पाडून खुरांनी फरशी उकरत. चंद्री नावाची गाभण घोडी तर घामाने निथळायची. सटवाजीलाही एका जागी बसवेना. तो खांबाखांबाला हात लावून बघे, तुळयांना कान देई. सापडत काहीच नव्हतं. तीनदा तो कारभाऱ्याकडे गेला. नवी जागा आहे, रुळतील, असं म्हणून कारभाऱ्याने त्याला वाटेला लावलं. तिसऱ्या खेपेला बजावलं, की हुकमाशिवाय एक जरी जनावर सुटलं तर हात तोडीन.

आठव्या दिवशी, ऐन बाजाराच्या वेळी, सगळी जनावरं एकदम गप्प झाली. सटवाजीने विळा हाती घेतला. गवत टाकायला आलेल्या बायकोला, भागूला, तो एवढंच म्हणाला, "हात गेले तर भरवशील ना?"

"भरवीन. सोडा त्यांना."

त्याने एकेक दावं कापलं. सतरा घोडे भाजीचे ढीग तुडवत बाजारातून उधळले. कारभाऱ्याची माणसं धावून आली. चंद्री मात्र जागची हलेना. सटवाजी तिच्या मानेवर हात फिरवत, चुचकारत तिला पावलापावलाने दाराशी घेऊन आला. ती बाहेर पडली आणि मागे मजला कोसळला. सटवाजी आतच राहिला, असं सांगतात. विटा उपसायला कारभारी स्वतः वाकला होता म्हणे.

पागा पुन्हा उभी राहिली ती एकमजली. चढ पाडू दिला नाही तो भागूने. संस्थानने तिला घर बांधून दिलं, तेव्हा आधी चंद्री आत जाईल, मग मी, असं ती म्हणाली. चंद्री आत जाऊन शांत उभी राहिली, तेव्हाच भागूने उंबरा ओलांडला.

आजही पेठेत नव्या घरात पहिली घोडी जाते. गेल्या मार्गशीर्षात एका तिमजली घरापुढे टांग्याची घोडी आणली. तिने उंबऱ्याचा वास घेतला आणि ती मागे सरली. घरमालक अजून भाड्याच्या खोलीत राहतो.