नवव्या कलमावरचा नावाडी

“...पण बुवा, कथा आधी आखून घ्यावी, की आखूच नये?”

अच्युत हातातला कागद उलगडत विचारीत होता. उद्या सकाळी लक्ष्मीनारायणाच्या देवळात तो आयुष्यातले पहिले कीर्तन करणार होता आणि उत्तररंगात स्वतः रचलेले आख्यान सांगणार होता. कागदावर त्या आख्यानाची बारा कलमे होती. प्रत्येक कलमाखाली तांबडी रेघ.

त्याचे गुरू चिंतोबुवा सभामंडपात सूप पुढ्यात घेऊन फुटाणे पाखडत बसले होते.

“अडलं कुठं?”

“नवव्या कलमावर. नावाड्याने आपल्या वैऱ्याला क्षमा करून पैलतीरी न्यायचे आहे. आठ दिवस झाले, नावाडी जागचा उठत नाही.”

“मानी दिसतो.”

“थट्टा नको, बुवा. उद्या गावापुढे उभा राहीन आणि...”

बुवांनी कागद काढून घेतला. घडी घालून आसनाखाली सारला.

“सांग.”

“कागदाशिवाय?”

बुवा पुन्हा फुटाणे पाखडू लागले...

अच्युताने गाभाऱ्याकडे पाहिले आणि आरंभ केला. नदी आली. वैरी आला, हात जोडून काठावर उभा राहिला. नववे कलम आले तसा अच्युत थबकला... आणि मग त्याच्या तोंडून आपसूक निघून गेले, “नावाडी उठला. वल्हे वैऱ्याच्या हाती देऊन म्हणाला, ‘आज तू वल्हव.’ आणि स्वतः पाहुण्यासारखा नावेत जाऊन बसला!”

बुवांचा हात सुपातच थांबला.

“नारायण, नारायण... हे कागदावर होतं?”

“नव्हतं.”

“मग सुचलं कुणाला?”

“नावाड्याला, बुवा!”

दोघेही असे हसले, की शिखरावरची कबुतरे उडाली.

आनंदाच्या भरात अच्युताने साष्टांग नमस्कार घातला.

“उमगलं, बुवा. आराखडा व्यर्थ! यापुढे एक रेघ म्हणून ओढणार नाही.”

“शाबास. फुटाणे घे.”

अच्युताने ओंजळ पुढे केली. बुवांनी सूपच कलते केले. ओंजळ भरली, ओसंडली. फुटाणे टणाटण उड्या घेत फरशीभर पळाले.

“पुरे, पुरे! एवढे धरू कशात?”

बुवांनी आसनाखालचा कागद काढला, सावकाश वळून त्याचा पुडा केला आणि त्या भरल्या ओंजळीखाली धरला.

“यात धर... खाताना मात्र कागद खाऊ नकोस.”