किंजळीपाशी तोडलेलं सूत

कारवंडे गावाची शीव चैत्रात सुताने बांधतात. हळदीत बुडवलेलं सूत झाडाझाडाला वेढे घेत गावाभोवती फिरतं. फक्त घाटवाटेवरच्या किंजळीच्या झाडापाशी ते तोडलेलं असतं, एक माणूस आत येईल एवढं. ते का, हे जुनी माणसं सांगतात ते असं.

घाटावर मोठा दुष्काळ पडला होता म्हणे. आईबाप वाटेतच गेले, तेव्हा गोजरा नावाची पोर धाकट्या भिवाला पाठुंगळी घेऊन घाट उतरली. चुलींचा धूर दिसला नि तिचा जीव भांड्यात पडला. पण पटकीच्या भीतीने गावाने त्याच दिवशी शीव बांधली होती. सूत बांधलं की दिवस मावळेपर्यंत आतलं बाहेर नाही, बाहेरचं आत नाही.

राखणीला धाकू गुरव होता.

"मामा, वाईच पेज द्या. मला नगं, याला द्या."

"देतो, पोरी. दिवस मावळू दे. आता दिली तर अख्खा गाव मरेल."

गुरव दुष्ट नव्हता. त्याने पेज मागवून सुताच्या आत झाकून ठेवली. वास गोजरापर्यंत येत होता. सूत गुडघ्याएवढंच उंच होतं, ओलांडता आलं असतं. पण तिच्या गावातही शीव बांधायचे. बांधलेलं सूत ओलांडायचं नसतं, हे तिला आईनेच शिकवलेलं.

"थांब रे भिवा, मामा देनार हायेत," ती म्हणत राहिली.

दिवस मावळला. गुरवाने सूत सोडलं, पेज पुढे केली. भिवाचे दात उघडेनात.

बाहेरचं पोर, शिवेबाहेर पुरा, असं कुणीतरी म्हणालं. गोजराने भावाला पुन्हा पाठीवर घेतलं नि आत चालू लागली. गुरवाने कुदळ घेतली आणि किंजळीच्या आतल्या अंगाला खड्डा खणला.

पुढे गावात कुजबुज सुरू झाली. पोर पांढऱ्या पायाची, घाटावर परत धाडा.

"जाते की," गोजरा म्हणाली. "आधी माझा भाऊ उकरून द्या."

कुदळीला कुणी हात लावला नाही. ती गुरवाच्या घरात वाढली, याच गावात नांदली. पेज मात्र तिने जन्मभर तोंडाला लावली नाही, असं सांगतात.

आजही शीव बांधतात त्या दिवशी गावची सर्वांत नवी सून पेजेचा टोप घेऊन त्या मोकळ्या जागी बसते. कुणी आलं तर नाव-गाव न विचारता वाढायचं. बहुतेक वर्षी कुणी येत नाही. दिवस मावळायची वाट बघायची नाही, एवढंच तिला बजावलेलं असतं.