हैबती आणि झोपलेल्या सायकली

एका गावात एक भोळा माणूस राहत होता. त्याचं नाव हैबती. नाव ऐकून नवखा माणूस दोन पावलं मागे सरायचा. हैबतीशी बोलणं झालं की चार पावलं पुढे येऊन त्याच्या पाठीवरून हात फिरवायचा.

हैबतीची आई कोंडाबाई शिंदीच्या झाडण्या बांधायची. हात झपाझप चालत, पण पाय दोन वर्षांपासून रुसले होते. सोमवारच्या बाजारात स्वतः बसावं, झाडण्या विकाव्यात, चार बायकांशी कडाकडा भांडावं, हे तिचं सुखच गेलं होतं. तालुक्याच्या कल्याण कचेरीने अशा चाळीस माणसांना तीनचाकी सायकली मंजूर केल्या. यादीत कोंडाबाईचं नाव होतं. आठ महिने झाले तरी नाव यादीतच होतं आणि कोंडाबाई उंबऱ्यातच.

"जा बाबा," ती म्हणाली, "सायबाला इचार, माजी सायकल कुठं अडलीया."

हैबती गेला. साहेबांना म्हणाला, "साहेब, आईची सायकल कुठं अडलीया?"

"असं तोंडी चालत नाही इथं," साहेब म्हणाले. "जे सांगायचं ते लेखी द्यायचं, पोच घ्यायची. मग आम्ही बघू."

हैबतीने लक्षात ठेवलं. लक्षात ठेवण्यात त्याचा हात धरणारा पंचक्रोशीत कुणी नव्हता.

दुसऱ्या दिवशी गेला, तर साहेब फायलीत डोकं घालून बसलेले, आणि मागच्या खिडकीत एक माकड साहेबांचा डबा उघडून बसलेलं. हैबतीने तोंडातून ब्रही काढला नाही. बाहेर झाडाखाली अर्ज लिहिणारे काका बसत. त्यांच्याकडून त्याने लिहून घेतलं, 'विषय : माकड आपला डबा खात असल्याबाबत.' मग तो आवक खिडकीपुढच्या रांगेत उभा राहिला. शिक्का बसेपर्यंत पोळ्या संपल्या. कागद साहेबांच्या हाती पडला तेव्हा माकड लोणच्याची बोटं चाटत होतं.

"अरे गाढवा!" साहेब कडाडले. "डोळ्यांना दिसतंय ते तिथल्या तिथं ओरडून सांगायचं!"

"बरं साहेब," हैबती म्हणाला. या गडबडीत सायकलीचा अर्ज राहूनच गेला.

तिसऱ्या दिवशी तो दुपारी पोचला. व्हरांड्यात सकाळपासून माणसं ताटकळत होती. शिपाई सांगत होता, साहेब महत्त्वाच्या कामात आहेत. हैबतीने दारातून डोकावलं. साहेब खुर्चीत मान टाकून घोरत होते. हैबती मागे फिरला आणि छाती भरून ओरडला, "साहेब झोपलेत होऽऽ! साहेब झोपलेत!"

सगळा व्हरांडा आत घुसला. पेन्शनसाठी अकरा हेलपाटे घातलेल्या एका म्हाताऱ्याने हात जोडले. "चला," तो म्हणाला, "आज दर्शन तरी झालं."

हैबतीला शिपायाने फाटकाबाहेर काढलं. घरी कोंडाबाईने कपाळाला हात लावला. "आरं, निजलेल्या माणसाची अशी दवंडी पिटत्यात व्हय? अंगावर पांघरूण घालावं, दार वढून घ्यावं. कुणी आलंच तर हळू सांगावं, आत निजल्यात."

"आता चुकायचो नाही, आई."

चौथ्या खेपेला, सोमवारी, तो काखेत गोधडी मारूनच निघाला. त्या दिवशी जिल्ह्याच्या मॅडम तपासणीला आल्या होत्या. "सायकलींचं काय झालं?" त्यांनी विचारलं.

"वाटल्या मॅडम," साहेब म्हणाले. "चाळीसच्या चाळीस. लोकांचे अंगठेही घेतलेत."

इकडे हैबती कचेरीच्या मागल्या अंगाला गेला. गोदामाचं दार किलकिलं होतं. आत ओळीने चाळीस नव्या सायकली उभ्या. अंगावर धूळ, चाकांत जाळी, एकही हलेना. हैबतीला गलबलून आलं. साहेबसुद्धा इतके गाढ झोपले नव्हते. गोधडी एकच होती, ती त्याने पुरेल तेवढ्यांवर घातली, दार ओढलं आणि राखण करत उभा राहिला.

मॅडम मागे लावलेल्या गाडीकडे निघाल्या, पाठोपाठ साहेब. चपला वाजताच हैबतीने ओठांवर बोट ठेवलं. "शूऽ! हळू चाला. आत निजल्यात."

"कोण निजलंय?"

"सायकली. चाळीस हायेत. त्यात एक माझ्या आईची, कोंडाबाईची."

मॅडमनी दार उघडलं. एका सायकलीवरची धूळ त्यांनी बोटाने पुसली. मग साहेबांना म्हणाल्या, "दिवस मावळायच्या आत एकूण एक सायकल घरी पोचवायची. पहिली या माणसाच्या आईची, आणि ती तुम्ही स्वतः ढकलत न्यायची. आज कोंडाबाई बाजारात बसलेल्या मला दिसल्या पाहिजेत. मी तिथंच थांबते."

साहेबांनी भर उन्हात सायकल तीन मैल ढकलली. कोंडाबाईने तिच्या दांड्यावरून हात फिरवला आणि पदराने डोळे टिपले. पण घरी आलेल्या माणसाची रीत ती विसरली नाही. "हैबती, सायेब चालून दमल्यात. आदी त्यास्नी बसव. मग बाजारला चल."

हैबतीने इकडेतिकडे बघितलं. साहेबांना शोभेलशी बसायची जागा एकच होती. त्याने त्यांना काखेत धरून उचललं, सायकलीवर बसवलं आणि घंटी वाजवत बाजाराची वाट धरली. मागून कोंडाबाई हाका मारतच राहिली. साहेबांचे पाय इतके दुखत होते, की उतरायचं तेही काही बोलले नाहीत.

बाजारात ही गर्दी लोटली. मॅडमनी सायकलीवरच्या साहेबांकडे बघितलं, मग हैबतीकडे. "अरे, आणि कोंडाबाई कुठायत?"

"आई घरी हाय," हैबती म्हणाला. "तिला चालता येत न्हाई न्हवं!"