उतारावरच्या जोड्या

कोल्हापूरच्या अंगाला शिंगटेवाडी आहे. तिथल्या मैदानाच्या कडेला गवताचा उतार आहे. फुटबॉलचा सामना असला की सारं गाव त्या उतारावर बसतं. पण चार पोरं एकत्र बसलेली दिसायची नाहीत, की चार म्हातारे. एक म्हातारं, एक तरणं, अशी जोडी. तीही एका घरातली नसते.

असं सांगतात, की पूर्वी इथल्या तालमीत येसबा नावाचे वस्ताद होते. तरण्या पोरांनी आखाडा सोडून चेंडूचा नाद धरला, तेव्हा वस्तादांनी आणि त्यांच्या वयाच्या साऱ्यांनी मैदानाकडे पाठ फिरवली. खेळायचं पोरांनी, बघायचंही पोरांनीच. आवरायला वडीलधारं कुणी नसे. अशाच एका सामन्यात पलीकडच्या गावाशी भांडण जुंपलं, दगड सुटले, आणि वस्तादांचा एकुलता मुलगा सर्जेराव दगड लागून त्या उतारावरच गेला. वस्ताद कुणाशी बोलेनासे झाले. डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता, तोही त्यांनी काढू दिला नाही, म्हणे.

पुढच्या साली तेच गाव खेळायला आलं. सर्जेरावाचा जिवलग धोंडिराम दगड वेचून बसलाय, हे वस्तादांच्या कानावर आलं. काठीनं वाट चाचपत ते मैदानावर आले; जन्मात पहिल्यांदा. धोंडिरामाला हाका मारत उतार चढले, शेजारी बसले आणि त्याचं मनगट धरलं. पैलवानाची पकड ती.

"मला दिसत न्हाई," ते म्हणाले. "माझा सर्जा हितं काय बघायचा, ते सांग मला."

धोंडिरामानं मैदानाकडे पाहिलं. मग तो सांगू लागला. चेंडू कुणाकडे, कोण पळालं, कोण पडलं. मधेच सारा उतार गप्प झाला.

"काय झालं?"

"गोल झाला."

"कुणाचा?"

"त्यांचा."

"चांगला होता?"

धोंडिरामाची मूठ दगडावर आवळली.

"चांगला होता, वस्ताद," तो शेवटी म्हणाला, आणि मुठीतला दगड त्यानं गवतात ठेवला. तेव्हा म्हणे वस्ताद मुलासाठी पहिल्यांदा रडले. ते बघून मैदानापलीकडे देवळाच्या पारावर बसलेला एकेक म्हातारा उठला आणि उतारावर येऊन कुणा ना कुणा पोराशेजारी बसला.

आजही मैदानात पडदा लावून जगातले मोठे सामने दाखवतात, तेव्हा जोड्या तशाच बसतात. ज्यांना लख्ख दिसतं ते म्हातारेही विचारतात, "काय झालं रं?" पोरगं मोबाइल खिशात घालतं आणि सांगतं. समोरच्यांचा गोल चांगला असेल, तर तेही सांगावं लागतं.