आबांच्या दुकानातलं खाजं

सुट्टीत मालवणला आलेल्या अकोल्याच्या वत्सलाबाई गावंडे दुकानोदुकानी गुळाचं खाजं चाखत हिंडत होत्या. सगळ्यांत मोठ्या दुकानाचे मालक आबा मयेकर भर गर्दीत गरजले, “कशाला फिरताय बाई? खाजं करावं आम्हीच! बाकीच्यांनी आमचीच कृती चोरलीय.”

वत्सलाबाईंनी त्यांचं खाजं तोंडात टाकलं. ते मऊ पडलं होतं आणि त्यात आल्याचा पत्ताच नव्हता.

“चोरी झालीय खरी, आबा,” त्या म्हणाल्या. “कुरकुरीतपणा गेला, आलं गेलं, चोरांनी तुम्हाला नुसता गूळ ठेवलाय!” मग पिशवीतून कोपऱ्यावरच्या शेवंताबाईंच्या खाज्याची पुडी काढून त्यांनी पुढे केली. “हा घ्या मुद्देमाल.”

गिऱ्हाइकं खो खो हसली. आबांनी रागानेच एक तुकडा चावला, आणि त्यांनाही हसू फुटलं.

“अरे,” ते आत वळून ओरडले, “आलं किसायला घ्या!”